तळहातावरची आमटी

"पोट साफ आहे ना?" हे विचारल्याशिवाय ती कुणापुढे ताट ठेवायची नाही. चिखलीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर तिची मेस होती. महाळुंग्याच्या कंपन्यांतून शिफ्ट करून आलेली पोरं "हो मावशी" म्हणायची आणि हसू दाबायची. मी तिला एका जागी बसलेली कधी पाहिलीच नाही. बोलता बोलता पळीतली आमटी तळहातावर ओतायची, चाटायची, पदराला हात पुसून पुढच्या पातेल्याकडे. तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी.

तिचा लातूरचा थोरला भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला. बिचारा मूळव्याध समजून औषधं घेत राहिला. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी त्रास नसला तरी दुर्बिणीनं आतडं बघून घ्यावं. कोलोनोस्कोपी म्हणतात ती. तेव्हापासून बाई जास्तच भिरभिरायला लागली. जिना चढून माझ्याकडे यायची अन् दारातूनच परत फिरायची.

"मला काय धाड भरलीय, काकू?"

"तेच तर बघायचंय."

"आणि निघालं तर?"

"लवकर निघालेलं बरं. भावाचं उशिरा निघालं."

शेवटी तयार झाली. आदला दिवस नुसतं पाणी, शहाळं, डाळीचं गाळलेलं पाणी. संध्याकाळी पावडर कालवलेलं पाणी पिऊन पोट रिकामं करायचं. मेस मात्र बंद ठेवली नाही. "पोरं कुठं जेवतील?"

तपासणी अर्धवट राहिली. आतडं साफ नव्हतं, मटकीची सालं दिसत होती म्हणे. "काल काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं. "काहीच नाही," तिनं शपथेवर सांगितलं.

रिक्षात मी म्हटलं, "आणि उसळ?"

"ती चाखली. खाल्ली कुठं?"

मी हसायला लागले, तर ती रडत होती. "आता पुन्हा सगळं तेच, काकू. हे वाट बघणं होत नाही मला."

पुढच्या खेपेला तिनं पळीच आणून माझ्या हातात दिली. "ठेवा वर. माझा हात ऐकत नाही." त्या दिवशी पोरांचा स्वयंपाक माझ्या घरी, मी केला. ही गॅलरीत येरझारा घालत नुसत्या वासावरून सांगत होती, मीठ कमी पडलंय. आणि खरंच पडलं होतं.

दोन बारक्या गाठी निघाल्या, तिथल्या तिथं काढून टाकल्या. रिपोर्ट येईपर्यंत तिनं घासलेलीच पातेली पुन्हा घासली. कॅन्सर नव्हता. पण गाठी तशाच राहिल्या असत्या तर पुढं झालाही असता, डॉक्टर म्हणाले. तीन वर्षांनी परत बघायचं.

नंतर रस्ता रुंद करायला मेसचा गाळा गेला आणि ती लातूरला निघून गेली. पळी माझ्याकडेच ठेवली. "तपासायला आले की नेईन."

यंदा ती वेळ आली. पळी मी घासून ठेवलीय. फोन करते, तर आधी तीच विचारते, "काकू, पोट साफ आहे ना?"

"आहे. पळी न्यायला कधी येतेस?"

पलीकडून आमटी उकळल्याचा आवाज येतो. "उतू चाललीय, काकू," म्हणत ती तारीख न सांगताच फोन ठेवते.