अमरावतीचं लॉगिन, अकोल्याचा नंबर

सोपं काम अवघड करून ठेवणारा असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आमचे राउटरवाले भाऊ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे मोर्शीकडचे. पाइप-मोटारींच्या धंद्यात मी शून्यातून दोन दुकानं उभी केली, घासाघीस करून भल्याभल्यांना घाम फोडला. पण या माणसापुढे माझं कधी चाललं नाही. राउटरमध्ये लॉगिन भरायला बसले की आधी पंखा बंद करायला लावायचे, मग माझं तोंड. एकदा मी गिऱ्हाइकावर ओरडलो, तर भरलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू. वर ऐकवलं, "शेठ, तुमचा आवाज लाइनीत घुसून राहिला." इंग्रजी अक्षर नुसतं सांगितलेलं त्यांना चालत नसे; एम मोर्शीचा, डब्ल्यू वलगावचा, असं गावासकट म्हणावं लागे. मी एन नागपूरचा म्हणालो, तर "वऱ्हाडातलं गाव सांगा" म्हणून अडून बसले. शेवटी नांदगाववर तोडगा निघाला.

अमरावतीचं दुकान माझ्याकडे, अकोल्याचं मुलाकडे. कोणता माल कुठे पडला आहे हे दोन्हीकडे दिसावं म्हणून आयएसडीएनची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून दोन्ही दुकानांचे संगणक जोडणारी लाइन घेतली. त्याच सुमारास मुलानं मला न विचारता अकोल्याच्या पाटीवर स्वतःचं एकट्याचं नाव रंगवलं. मी बोलणं टाकलं. भाऊंना ते ठाऊक होतं. त्यांनी लॉगिनची चिठ्ठी मला दिली आणि लाइनच्या सेवा क्रमांकाची मुलाला. राउटर अमरावतीचा असो की अकोल्याचा, भरायला दोन्ही लागणार.

मी भडकलो. "लाइन माझी, अन् चिठ्ठी अर्धी?"

"पुरी चिठ्ठी एकापाशी राह्यली का हरपते, शेठ. पोराले फोन लावा अन् इचारा. तोंड झिजते काय?"

वीज गेली की राउटर सगळं विसरायचा, आणि वीज तर आमच्याकडे जातेच. मग मी घुश्शात फोन लावायचो. मुलगा सांगायचा, "सात, चार... पोरीले ताप आहे, बाबा... आठ." मी म्हणायचो, "डॉक्टरले दाखवलं का? पुढचा आकडा सांग."

आता फायबर आलं. कुणीतरी येऊन पाच मिनिटांत लावून गेलं. ते काही विसरत नाही. वर्ष झालं, अकोल्याशी एक शब्द नाही. परवा मी मोर्शीला भाऊंना फोन केला. "तुमची ती भंगार लाइनच बरी होती. या फायबरात एखादा बिघाड करून द्या ना."

"शेठ, मले आता धड दिसत नाही. अन् बिघाड काहून पाह्यजे तुमाले?"

मी फोन आपटला. पाटी पोरानं बदलली, फोनही त्यानंच करावा! दोन दिवस याच तोऱ्यात काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. अकोल्याचा नंबर लावला.

"बाबा? लाइन गेली का?"

"नाही. चालू आहे."

तरी फोन दोघांनीही ठेवला नाही.