कडी नसलेलं दार

“आधी दार उघडा. मंग पाय.”

व्यायामाला सुरुवात करण्याआधी बाई हे म्हणायच्या आणि नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत. स्वतः जाऊन दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून यायच्या. मग पदर खोचायचा, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या आवळायच्या आणि मोजायला लागायचं. “एक, दोन... दम धरा. आता सोडा.”

त्या पुणतांब्याच्या बालवाडीत शिकवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, भरल्या अंगाच्या. दुपारी पोरं घरी गेली की त्याच खोलीत गावातल्या बायका जमत. एखादी कुरकुरायची, “बाई, रानात दिवसभर राबतो आमी. आनि वर ह्ये कशाला?”

“त्ये दुसऱ्यासाठी. ह्ये तुझ्यासाठी हाय. उचल गुडघा.”

नव्वदनंतरची ती वर्षं. श्रीरामपुरात आमच्या शेठनी घरच्या घरी व्यायाम शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे एक गाळा, दोन टेबलं, टीव्ही, व्हीसीआर आणि मी. मी पत्रकं लिहायची. ते मला येत होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, चळवळीची पत्रकं होती, आणि मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. बाईंना शेठकडे मीच नेलं.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने बालवाडीतच कॅसेट काढली. शेठनी ती लावली आणि पहिल्याच वाक्याला बंद केली.

“अहो बाई, ही खपणार कशावर? दार लावून, कुणाला न दिसता व्यायाम करता येतो, ह्यावर! आणि तुम्ही दार उघडायला लावता?”

त्यांनी माझं पत्रक पुढे केलं. ‘दार लावा, पडदा ओढा, निर्धास्त व्हा.’ ओळ माझीच. लिहिली तेव्हा मला ती फार आवडली होती.

बाईंनी वाचलं आणि शेठकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “पोरी, चोरी करतो व्हय आपन?”

शेठ म्हणाले, “ते वाक्य तेवढं काढू.”

“मंग मलाच काढा.”

शेठनी काढलं. पुण्याहून एक सडपातळ मुलगी आणली. पण तिला उड्या मारता मारता मोजताना धाप लागायची, म्हणून आवाज बाईंचाच ठेवला. बाईंना कुणी विचारलं नाही.

मी माफी मागायला पुणतांब्याला गेले. त्यांच्या घराच्या दाराला कडी नव्हती. आत नाही, बाहेरही नाही, नुसती भोकं.

“सासरी अंगनात पोरींसंगं खो-खो खेळले म्हून सासऱ्यानं तीन दिवस कोंडलं हुतं मला,” बाई चहा गाळत म्हणाल्या. “बाहेरनं कडी. माघारी आले, आनि पयलं काम ह्ये केलं. भाऊ वराडला, ‘आक्के, चोर येत्याल!’ म्हनलं, येऊ दे. त्येन्लाबी शंभर उड्या मारायला लावीन.”

आणि हसल्या. मला हसता येईना. परतताना एसटीत मी ते पत्रक पुन्हा वाचलं. बाईमाणसाने अंग कमी करावं, तेही कुणाला कळू न देता! कोंडणाऱ्या सासऱ्याने लिहावं तसं मी लिहिलं होतं, आणि वर छान टाइपात छापून घेतलं होतं.

कॅसेटवर चित्र आणि आवाज जोडताना शेठनी मला त्या शूटिंगवाल्याच्या शेजारी बसवलं. दिवाळीपूर्वी माल बाहेर काढायची त्यांना घाई होती.

“ते पहिलं वाक्य काढलं का?” त्यांनी विचारलं.

“काढलं,” मी म्हणाले.

ते मी आयुष्यात सगळ्यात ठणठणीत आवाजात बोललेलं खोटं. गावोगावच्या टीव्हीवर ती मुलगी तोंड मिटून गोड हसली आणि आतून बाईंचा आवाज आला, “आधी दार उघडा. मंग पाय.”

महिनाभराने सोनईचा एक माणूस कॅसेट आपटतच गाळ्यात शिरला. “घ्या ही माघारी! आमची मंडळी दुपारचं दार सताड उघडं टाकून उड्या मारती. शेजारच्या दोघी बी येत्यात. म्या दार लावलं तर म्हनती, टीव्हीतली बाई न्हाई म्हनली!”

शेठनी कॅसेट लावली, ऐकली, आणि त्याच दुपारी माझी नोकरी गेली.

मी थेट बाईंकडे गेले. त्या आजारी होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

“उड्या मारती अजून?”

“मारते.”

“आनि दार?”

“सताड.”

बाईंनी डोळे मिटले. “एक, दोन,” त्या पुटपुटल्या आणि लांब, सावकाश श्वास सोडला.

त्या थंडीत बाई गेल्या. तुम्ही पुणतांब्याला गेलात तर त्यांचं घर लगेच ओळखाल. भावाने त्याला लावायला मोठं कुलूप आणलं होतं, पण ते अडकवणार कशात? शेवटी त्याने फळ्या सुतळीने बांधल्या. मी गेले तेव्हा नदीवरून वारं येत होतं. सुतळी सैल पडली होती, आणि दार दर झुळुकीला वीतभर उघडत होतं.