अक्कांची बोटं

माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले, तेव्हा नाशिक सोडून चेन्नईत येऊन आम्हाला दोनेक वर्षं झाली होती. नवरा ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात होता, तो पहाटेच निघायचा. आणि मला सकाळी कणीक मळता येईना. तपासण्यांत संधिवात निघाला.

नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात मी आईशी फोनवर बोलत होते. ते ऐकून शेजारच्या बाईंनी मराठीतच विचारलं, "तुझं गाव कुठलं?" त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. बोलणं तमिळच्या चालीवर, मधूनच एखादा जुना शब्द. मी त्यांना अक्का म्हणू लागले. आम्हा दोघींचा आजार तोच, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही तीच. येणंजाणं वाढलं.

डॉक्टर तेव्हा एमआरआयवरून संगणकावर सांध्याचं त्रिमितीय चित्र तयार करायचे आणि हाडांना पडलेले खड्डे मोजायचे. आम्ही दोघींनी हात तपासून घेतले, वर्षानं पुन्हा घेतले.

दोघींचे एक्स-रे आधीसारखेच होते. मी सुटकेचा निःश्वास सोडते आहे तोच डॉक्टरांनी पडद्यावर माझं हाड फिरवलं. मागच्या अंगाला लाल रंगानं भरलेला खड्डा दिसला.

"एक्स-रे म्हणजे सावली," ते म्हणाले. "त्यात हा हाडाआड लपला. वर्षात बराच मोठा झालाय."

अक्कांचा खड्डा होता तेवढाच होता.

लोकांच्या साड्या, घरं पाहून मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी मला एका बाईच्या हाडांचा हेवा वाटला. मी एकही गोळी चुकवली नव्हती. अक्का निम्म्या वेळा विसरायच्या आणि वर हसायच्या. त्या दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढताना तांदळाचं पीठ चिमटीतून सरळ रेषेत सुटायचं. मी नजर दुसरीकडे वळवायचे. मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

त्या स्वतः आल्या. "रागावलीस?"

"राग नाही. तुमची बोटं बघवत नाहीत मला."

अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "सरी, बरं, नको बघूस. पण इंजेक्शनला एकटी जाऊ नकोस."

त्या मोजमापामुळेच माझं औषध बदलून इंजेक्शनं सुरू झाली होती. प्रत्येक इंजेक्शनला अक्का सोबत आल्या. रिक्षात शेजारी बसून त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकताना मला बरं वाटायचं. तरी डोळे हातांकडे जायचेच.

पुढच्या तपासणीत माझा खड्डा वाढायचा थांबला होता. डॉक्टर खूश झाले. मी त्यांना दोघींची चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगितली. अक्कांची काही हरकत नव्हती.

माझा खड्डा अजूनही अक्कांच्या खड्ड्यापेक्षा मोठाच होता.

"किती बघशील?" अक्का म्हणाल्या.

"अजून थोडं," मी म्हटलं. त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.