तुराइफचा गारठा आणि माझ्या शीटमधला बर्फ

"लोक हिवाळ्याच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन दुबईला जातात," प्रसाद म्हणाला. मी त्याच्यासमोर नकाशा धरून बसले होते आणि माझं बोट रियाधवरून वर सरकत सरकत पार जॉर्डनच्या सीमेजवळ पोचलं होतं. तिथे तुराइफ आहे. सौदीतल्या सगळ्यात थंड गावांपैकी एक.

"लोकांना पाण्याच्या टाकीचं टेंडर भरायचं नसतं," मी म्हटलं.

मी सिव्हिल इंजिनियर, गाव निफाड. लेक ईरा झाल्यावर नोकरी सोडली ती सोडलीच, आणि प्रसादच्या बँकेतल्या नोकरीपायी रियाधला आलो. दहा वर्षं घर सांभाळलं. तीन महिन्यांपूर्वी एका मध्यम आकाराच्या कंत्राटदाराकडे एस्टिमेशनमध्ये, म्हणजे कामाचा खर्च आधीच काढून देण्याच्या खात्यात, लागले. तीन महिने परीक्षेचे, मग पक्की ऑर्डर. माझे साहेब हातिम, इजिप्तचे, आम्ही सगळे त्यांना बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणतो. तुराइफची टाकी आणि पंपघर हे माझं पहिलं स्वतंत्र काम. बांधकाम ऐन जानेवारी-फेब्रुवारीत होणार होतं. रजेवर निघायच्या आदल्या दिवशी मी कच्चा आकडा पाठवला आणि साहेब खूश झाले. "छान, कमी आहे. हे टेंडर मिळालं की तुझी ऑर्डर पक्की. नाहीतर खलास," असं म्हणून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आकडा पक्का करून द्यायला रजा संपल्यानंतरचा रविवार होता. साहेबांच्या मते साइट बघायची काही गरज नव्हती. पण न बघता भाव काढायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार, आणि दहा वर्षांनी मिळालेली नोकरी मला तशी घालवायची नव्हती. शिवाय ईराला बर्फ बघायचा होता. तेव्हा ठरलं, सुट्टीची सुट्टी आणि साइटची साइट.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. रियाध ते हाइल सातशेच्या आसपास किलोमीटर, रस्ता लोण्यासारखा, त्यामुळे झोप येते, हा एकच धोका. कसीमला थांबून क्लेजा घ्या. खजूर आणि वेलचीच्या सारणाची बिस्किटं असतात, चहात बुडवून खायची. पेट्रोल सौदीत अजूनही स्वस्त आहे, पण हाइलच्या पुढे पंप लांब लांब आहेत, अर्धी टाकी झाली की भरून घ्यायची हा नियम पाळा. आम्ही तो एकदा मोडला, त्याबद्दल प्रसाद अजून बोलू देत नाही. हाइलला फर्निश्ड अपार्टमेंट दीडशे रियालला मिळालं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गरम पाणी. कुकर बरोबर होता. पिठलं-भात केला. कोणी हसलं तर हसू दे, पण सातशे किलोमीटरनंतर पिठलं-भातासारखं दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी नफूदच्या वाळूतून जुब्बा. तिथे डोंगराच्या पायथ्याशी दगडांवर हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी उंट, माणसं, लांब शिंगांची गुरं कोरून ठेवलीत. ईरा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मम्मा, इनको डाँट नहीं पड़ी?" घरच्या भिंती तिने रंगवल्या तेव्हा माझं काय झालं होतं ते तिला आठवलं असणार. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं चालतं. जुब्बाला दोन तास तरी द्या. सकाका गावात संध्याकाळी पोचलो. तिथलं ऑलिव्हचं तेल प्रसिद्ध आहे. दुकानदार पावावर घालून चाखायला देतो आणि मग न घेता निघायची सोय उरत नाही.

तिसऱ्या दिवशी अरारमार्गे तुराइफ. झाडं संपली, वाळूही संपली, नुसती काळपट दगडी सपाटी आणि वारा. एक मेंढपाळ भेटला तो पिकअपच्या खिडकीतून हॉर्न वाजवत मेंढ्या वळवत होता, हीटर लावून. अरारच्या बाजारात प्रसाद आणि ईरासाठी दोन फरवे घेतले. आतून लोकर असलेला लांब झगा. मोठ्यांचा शंभर-सव्वाशे रियाल, लहान मुलांचा त्याहून कमी. घासाघीस करा. मी आधी नको म्हणत होते. निफाडची मुलगी, आमच्याकडे थंडीत पारा कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मला कोण थंडी शिकवणार? तुराइफला गाडीतून उतरले आणि पाचव्या मिनिटाला प्रसादचा फरवा ओढून घेतला. मग परत दुकान शोधून तिसरा घेतला, वीस रियाल जास्त देऊन.

मंगळवारी सकाळी खोलीच्या खिडकीवर आतून दव जमलं होतं आणि गाडीत उणे तीन दाखवत होतं. ईराचा बर्फ पडला नव्हता, पण गाडीच्या काचेवर पांढरा थर होता. तिने त्यावर नखाने स्वतःचं नाव लिहिलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं. नाश्त्याला तंदूरमधून निघालेली तमीस रोटी आणि फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांवर तेल. तिघांचा नाश्ता पंधरा रियालमध्ये, आणि दुपारपर्यंत भूक नाही.

गावाबाहेर काँक्रीटचा प्लँट आहे. मी तिथल्या फोरमनशी फोनवर दोनदा हिंदीत बोलले होते, भाव मागवायला. आम्ही पोचलो तेव्हा शेकोटीजवळ पाच-सहा माणसं उभी होती. मी ईराला ओरडले, "टोपी घाल आधी, कान बघ कसे लाल झालेत." त्यातला एक पांढऱ्या दाढीचा माणूस वळला. "घाल गो बाय, आई सांगते ते ऐकावं." इस्माईलभाई, दापोलीकडचे. फोनवर हिंदीत बोललेले तेच. सौदीत बावीस वर्षं, त्यातली नऊ तुराइफला. पुढची दहा मिनिटं आम्ही काँक्रीट सोडून सगळं बोललो. चहा आला. मग मी मोठ्या तोऱ्यात माझी शीट उघडून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने खाली येत होती. एका ओळीवर बोट थांबलं आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं.

"ताई, हे काय? बर्फ?"

इथे जरा समजावून सांगते. आखाती मुलखात काँक्रीट म्हणजे उन्हाशी मारामारी. मिश्रण तापू नये म्हणून पाण्यात बर्फ घालतात आणि शक्यतो रात्री ओततात. म्हणून रियाधच्या कुठल्याही शीटमध्ये बर्फाची एक ओळ असते आणि रात्रपाळीची एक. मी हातिमसाहेबांची एका उन्हाळी कामाची जुनी शीट उघडली होती, मापं बदलली होती, भाव बदलले होते. ओळी तशाच राहिल्या. शून्याखाली जाणाऱ्या गावात मी पैसे देऊन बर्फ घातला होता आणि काँक्रीट रात्री ओतलं होतं.

"रात्री ओतलंत तर सकाळी काय होतं, दाखवतो," इस्माईलभाई म्हणाले. प्लँटमागे एक जुना कठडा होता, कुणीतरी मागच्या हिवाळ्यात घाईत केलेला. त्यांनी ईराच्या हातात गाडीची किल्ली दिली. "खरवड." तिने खरवडलं तर भाकरीच्या पिठासारखी भुकटी खाली पडली. काँक्रीट घट्ट होण्याआधी आतलं पाणी गोठलं की ते पुन्हा कधी सावरत नाही.

तरी मी हार मानली नव्हती. बर्फ काढला, रात्रपाळी काढली, म्हणजे भाव कमीच होणार, असा हिशोब मनात झाला. वर म्हटलं, "आणि बारा दिवस टँकरने पाणी मारायचं धरलंय. थंडीत पाणी चांगलंच." निफाडला कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागेला पाणी देतात, बांधाला शेकोट्या पेटवतात, तेव्हा मणी वाचतात. वडिलांबरोबर मी स्वतः हे केलंय. थंडी आणि पाणी यांचं नातं मला पाठ होतं.

"ताई, ही द्राक्षं नव्हेत," इस्माईलभाई शांतपणे म्हणाले. "पाणी माराल, गोठून आरसा होईल. उघडू नका, झाका."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. पाणी गरम करून मिश्रणात घालायचं. सकाळी दहा ते दुपारी दोन, ऊन असेल तेवढ्यातच ओतायचं. वर जाड रजया घालायच्या. आणि साचा, म्हणजे ज्या फळ्यांत काँक्रीट ओततात तो, रियाधला दोन दिवसांत सोडवतात, इथे आठवडाभर हलवायचा नाही. टाकीच्या भिंती एकामागून एक उभ्या करायच्या तर तेवढे दिवस साच्याचं भाडं, क्रेनचं भाडं, माणसांचा पगार. तिथेच पत्र्याच्या खुर्चीवर बसून मी आकडे मांडले. गरम पाण्याला फारसे पैसे लागत नाहीत. थंडीत खर्च काँक्रीटचा नसतो, वाट बघण्याचा असतो. भाव बारा टक्के वर गेला.

प्रसादने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ना?" मग माझा चेहरा बघून दुसरा चहा घेऊन आला.

मला खोटं सांगायचं नाही. गप्प बसावं असं अगदी मनापासून वाटलं. शीट साहेबांचीच होती, आकडा त्यांना आवडला होता, टेंडर मिळालं असतं, ऑर्डर हातात आली असती. पुढचं पुढे. दुपारी गावाबाहेरच्या त्या सपाटीवर ईरा आणि प्रसाद दगड गोळा करत होते आणि मी गाडीत बसून तासभर स्वतःशीच भांडले. मग फोन लावला.

"बाशमुहंदिस, माझी चूक झाली. आकडा कमी होता."

ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "एवढ्या भावात काम मिळणार नाही."

"हो."

"तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

"कळतंय. पण या गावात ती टाकी त्या भावात उभी राहणार नाही. ओतली तर खरवडून निघेल."

"शीट पाठव," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी पाठवली, खाली माझं नाव घालून. परतीचे दोन दिवस मला रस्ता आठवत नाही, त्यामुळे त्याबद्दल काही विचारू नका. हाइलला मंदी, म्हणजे मसाल्याच्या भातावरचं मटण, खाल्ली, ती चांगली होती असं ईरा म्हणते.

टेंडर उघडलं तेव्हा सगळ्यात महाग भावांत आमचा दुसरा होता. काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्या दिवशी मी टेबलाचा खण आवरून ठेवला, डबा, शाल, चपला, सगळं एका पिशवीत. घरी रडले. प्रसाद म्हणाला, "दुसरी नोकरी मिळेल." पण मला दुसरी नको होती. ह्याच कामात मी दहा वर्षांनी पुन्हा स्वतःला सापडले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी ऑर्डर. मी म्हटलं, "पण आपण हरलो."

"हमदुलिल्लाह," ते म्हणाले. "तुझ्या पहिल्या आकड्याने जिंकलो असतो तर मार्चमध्ये मी तुराइफला टाकी फोडत उभा असतो. आणि ती शीट माझी होती, हे मला माहीत आहे. सही कर."

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. सहा दिवस कमी पडतात, आठवडा हवा. जुब्बा चुकवू नका, फरवा अरारलाच घ्या. पेट्रोल, खोल्या, खाणं धरून तिघांचे दोन हजार रियालच्या आत गेले, फरवे सोडून. निफाडचा तोरा मात्र घरी ठेवून जा.

सही केल्यावर इस्माईलभाईंना फोन केला. काम आमच्याकडे नाही आलं, पण नोकरी राहिली म्हटलं. त्यांना आनंद झाला. मग म्हणाले, "ताई, ज्याला काम मिळालंय त्याला कोणी सांगितलंय का?"

याचा मी विचारच केला नव्हता. साहेबांना विचारलं, त्या कंपनीत फोन करू का? त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "मी काही ऐकलं नाही." मग नंबर शोधला. दोन ठिकाणी फिरवून शेवटी एका मुलीने फोन उचलला. आवाज अगदी तरुण, हिंदी दक्षिणेकडची. तुराइफची शीट तिनेच केली होती. मी माझं नाव सांगितलं, काम आम्ही हरलोय हेही सांगितलं. ती सावध झाली.

"बस एक बात पूछनी थी," मी म्हटलं. "तुम्हारी शीट में बर्फ़ है क्या?"

कीबोर्डचा आवाज आला.

"है, मॅडम," ती म्हणाली.

"पेन ले लो," मी म्हटलं.