शिवेवरची पांढरी

कृष्णाबाईच्या अंगणात सकाळी कुणी ना कुणी कोंबडी काखोटीला मारून आलेलं असायचंच, आणि बहुतेक वेळा कोंबडीपेक्षा माणूसच जास्त केविलवाणा दिसायचा. निडी स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवरचं ते गाव. माणसांचा डॉक्टर रोह्याला आणि कोंबड्यांची डॉक्टर इथं, असं लोक थट्टेनं म्हणत. ती साठीची, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पाय मोडला तर बांबूच्या कामट्या बांधायची, तुऱ्यावर देवी उठल्या तर हळद आणि खोबरेल लावायची. दाणे अडकून गळ्याखालची पिशवी दगडासारखी झाली असेल, तर चोचीत दोन थेंब तेल सोडून ती बोटांनी चोळत बसे, पिशवी मऊ होईपर्यंत. हे करताना तोंड मालकावर चालूच असे.

"पानी ठेवतेस का कधी तिच्यापुढं, का नुसती अंडीच उचलतेस?" असं ती शेजारच्या प्रणिताला सगळ्यांदेखत विचारायची. प्रणिता हसून घ्यायची, कारण कोंबडी बरी होऊन घरी जायची. आपल्या हाताला यश आहे, हे कृष्णाबाईला पक्कं ठाऊक होतं. तोच तिचा गर्व, आणि तोच तिला नडला.

होळी होऊन आठवडा झाला होता. भर दुपारी वालाच्या शेंगांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती शेतावरून येत होती. गावाच्या शिवेवर आईनाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी नवी कोरी टोपली, आणि टोपलीत एक पांढरीशुभ्र कोंबडी. डोक्यावर हळदकुंकू, पायाला काळा दोरा.

हे काय आहे, ते तिला सांगायची गरज नव्हती. कोंबड्यांवर रोग फिरला की एका जिवंत कोंबडीला हळदकुंकू लावायचं, पायाला दोरा आवळायचा, आणि दुपारच्या वेळी तिला शिवेवर सोडून मागं न बघता घरी यायचं. रोग तिच्याबरोबर जातो म्हणतात. कुठं जातो, हे कुणी विचारत नाही, कारण पलीकडं दुसऱ्याचं गाव असतं. हल्ली असं काही करतो म्हणून कुणी कबूल करत नाही, तरी टोपल्या दिसतातच. आणि अशी टोपली दिसली की न थांबता पुढं जायचं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे.

कृष्णाबाई पुढं गेलीच. पण जाता जाता तिनं पाय बघितला होता. दोरा मांसात रुतला होता, पंजा सुजून काळा पडत चालला होता. आणखी दोन दिवसांनी तो गळून पडला असता. दहा पावलं गेल्यावर ती स्वतःवरच चिडली आणि मागं फिरली. नुसता दोरा कापून जाऊ, असं तिनं ठरवलं. कोंबडीनं हूं की चूं केलं नाही. दोरा सुटल्यावरही ती पळाली नाही, वळून कृष्णाबाईकडं बघत राहिली. मग तिला पदराखाली घेतल्याशिवाय निघणं कृष्णाबाईला जमलं नाही.

"वरसे गावातल्या एका बाईनं दिली, पाय बरा करायला," तिनं सुनेला सांगितलं. रोहिणीनं विश्वास ठेवला. सासू फटकळ असली तरी खोटं बोलणारी नव्हती.

जखम धुताना कृष्णाबाईला एक गोष्ट दिसली. ताज्या जखमेच्या वर जुन्या दोऱ्यांचे वळ होते, एकावर एक, पाच. पाचही जखमा नीट भरलेल्या, कुठं गाठ नाही की पू नाही. कुणाचा तरी हात फार चांगला आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला थोडा हेवाही वाटला.

पाय चार दिवसांत बरा झाला. पण ही पांढरी काही वेगळीच होती. कुणासमोर दाणा टिपत नसे, तरी सकाळी वाटी रिकामी असे. आवाज तर तिनं कधी काढलाच नाही. रोहिणीच्या सव्वीस गावठी कोंबड्या होत्या, तिनं लेकरांसारख्या वाढवलेल्या. नवी कोंबडी आली की त्या चोचींनी तिचं डोकं फोडायला कमी करत नसत. पांढरीला एकीनंही टोच मारली नाही. संध्याकाळी ती खुराड्यात शिरली की दांडीवरच्या सगळ्या एका बाजूला सरकायच्या आणि कडेची वीतभर जागा तिला मोकळी करून द्यायच्या. ते बघून कृष्णाबाईच्या अंगावर काटा आला. पण आणली कुठून, हे आता सांगायचं कसं?

सहाव्या दिवशी रोहिणीच्या तांबडीची मान उलटी फिरली. मग हिरवी शी, उघडी चोच, घरघर. रोह्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवरच ओळखलं. ही मानमोडी, तिच्यावर औषध नाही, आधी लस दिली असती तरच. कोंबड्या हलवू नका, एकीला लावलेला हात दुसरीला लावू नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

कृष्णाबाईनं ऐकलं आणि मनात घरं मोजली. त्या आठवड्यात ती चौदा घरी जाऊन आली होती. कुणाकडं कामट्या बांधायला, कुणाकडं तेल पाजायला. ज्या ज्या अंगणात ती गेली, तिथं तिथं आता माना फिरत होत्या. जिथं गेली नव्हती, तिथलेही लोक घाबरून कोंबड्या घेऊन तिच्याच दारात येत होते. "तूच कायतरी कर गो," प्रणिता रडत म्हणाली. कृष्णाबाई हात मागं बांधून उभी राहिली, आणि लोकांना वाटलं बाईनं हाय खाल्ली.

पंधरा दिवसांत गाव मुकं झालं. पहाटे एकही कोंबडा आरवेना. रोहिणीच्या सव्वीस गेल्या, प्रणिताच्या गेल्या. राहिली एकटी पांढरी, टवटवीत.

गावकीचे हैबतराव तशाच एका भर दुपारी चार माणसं घेऊन आले. रोहिणी दारात उभी होती. हैबतरावांनी कोरी टोपली खाली ठेवली आणि काळा दोरा पुढं केला.

"येवडी एकच जिती हाय. हिलाच शिवंवर सोडू. दोरा तूच बांध, कृष्णाबाय. तुज्या हाताला यश हाय."

तिनं पांढरीला मांडीवर घेतलं. पायावर आता सहा वळ होते. सहावा तिच्या स्वतःच्या हातानं बरा केलेला, सगळ्यांत नीट. दोरा बोटांत धरून ती बसून राहिली. सहा गावं. प्रत्येक गावात शिवेवर कुणीतरी बाई थांबली होती, रुतलेला दोरा बघून जिला पुढं जाववलं नव्हतं. पांढरीला बहुधा नुसतं बसून राहायचं असतं. चांगल्या हाताची बाई येतेच.

"हिला मी आनली," कृष्णाबाई म्हणाली. "शिवंवरून. वरशाच्या बाईनं दिली म्हनून खोटं बोलले. तुमच्या घरी रोग माज्याच हातानं आला."

रोहिणीनं तोंडाला पदर लावला.

"पलीकडं बी माज्यासारखी कुनीतरी असंल. तिच्याकडं नाय पाठवायची."

जन्मात तिनं कोंबडी मारली नव्हती. सणाला कापायचीसुद्धा दुसऱ्याकडून. त्या दुपारी तिनं सगळ्यांसमोर पांढरीची मान पिरगळली. तेव्हा पांढरीनं पहिल्यांदा आवाज काढला, अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते तसा, साधा, घरातला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमरेएवढा खड्डा खणून, चुना टाकून तिनं एकटीनंच तिला पुरलं.

त्यानंतर तिच्या दारात कुणी कोंबडी आणली नाही, आणि तिनंही कुणाच्या कोंबडीला हात लावला नाही. रोहिणी दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलली. ते कृष्णाबाईला कोंबड्यांपेक्षा जास्त लागलं.

गणपती गेल्यावर रोहिणीनं पेणहून लस दिलेल्या बारा तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. खुराडं चुन्यानं दोनदा सारवलेलं, दांडी नवी बांबूची. ह्या तलंगांनी पांढरीला पाहिलेलं नव्हतं. तरी संध्याकाळी त्या दांडीवर चढल्या आणि एकमेकींना चिकटून एका बाजूला सरकल्या. कडेला वीतभर जागा मोकळी राहिली.

"आई, तिकडं कुनी का बसत नाय?" रोहिणीनं विचारलं.

कृष्णाबाई खुराड्यापासून दोन पावलं मागं सरकली. मग रोहिणीनं एक लंगडी तलंग तिच्यापुढं धरली. तिच्या पायाला काच लागली होती. कृष्णाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच बांध. मी सांगते तसं कर. आदी धू, मग हळद दाब."

रोहिणी खाली बसली आणि चिंधी गुंडाळू लागली. कृष्णाबाई लांबूनच तिची बोटं बघत होती. हात चांगला होता पोरीचा, अगदी तिच्या स्वतःच्या हातासारखा. ते बघून तिला भरून आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

"आवळू नको," ती म्हणाली. "आनि रोहिणी, शिवंवर कदी थांबू नको."