दोन डोंगळे घेऊन बेंगळुरूला

एक मुंगी दुसरीपेक्षा किती वेगळी दिसली म्हणजे तिला वेगळी म्हणायचं? बेंगळुरूला जाऊन आले तरी याचं उत्तर मला देता येत नाही. जाताना मात्र ते पाठ असल्याच्या ऐटीत गेले होते.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शेताच्या बांधावर बाभळीखाली मला दोन तऱ्हेचे डोंगळे सापडले, एक सडपातळ, एक थोराड डोक्याचा. थोराड डोक्याचा वेगळ्याच प्रजातीचा, असं ठरवून मी पोस्टर केलं. ते बेंगळुरूच्या एका परिषदेसाठी निवडलंही गेलं. त्यातून संशोधनाची वाट मिळेल अशी आशा होती. दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या पप्पांनी डेअरीवर पेढे वाटले. परिषदेआधी खात्री करून घ्यावी म्हणून मी नमुने घेऊन तिथल्याच एका कीटक संशोधन संस्थेत निघाले.

मिरजेहून रेल्वे सोयीची, पण आरक्षण लवकर करा. कुप्या फुटल्या नाहीत ना म्हणून मी सारखी पिशवी चाचपत होते. समोरच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "सोनं आहे का गं?" मुंग्या आहेत म्हटल्यावर त्यांनी चपला उचलून बर्थवर घेतल्या.

बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनालगतच्या मॅजेस्टिकहून मेट्रोने थेट के. आर. पुरमला जाता येतं, रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्तात. तिथून जवळच महादेवपुऱ्यात मैत्रीण पीजीत राहते, तिच्याकडे बॅग टाकली. कोपऱ्यावरचा सेट डोसा लोण्यासारखा मऊ होता, पण मला अर्धाच गेला. संस्थेपर्यंत बस आहे. सकाळच्या गर्दीत दुप्पट वेळ धरा.

तिथे मुंग्यांचं वर्गीकरण करणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या तिथलंच, मराठी घरापुरती उरलेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही डोंगळे शेजारी ठेवून मलाच बघायला लावलं. दोघांच्या कमरेला एकच गाठ. शेवटच्या टोकाला आम्ल फवारायचं गोल छिद्र, म्हणून उपकुळ फॉर्मिसिनी. मिशा तोंडावरच्या पट्टीपासून मागे सरकून उगवलेल्या, पाठ सलग कमानदार, म्हणून प्रजाती कॅम्पोनोटस. दोघांचीही.

"मधल्या मापाच्या कुठायत?" अक्कांनी विचारलं.

"सोडून दिल्या."

"का गं?"

"गोंधळ करत होत्या."

अक्का हसल्या नाहीत. "स्वल्प बाहेर ये," असं 'जरा'च्या जागी कानडी शब्द घालून म्हणत त्या मला आवारातल्या झाडाशी घेऊन गेल्या. बुंध्याच्या एकाच भोकातून डोंगळे ये-जा करत होते. बारके, मधले, थोराड डोक्याचे, सगळे एका रांगेत. एकाच वारुळातल्या कामकरी मुंग्या अशा लहानमोठ्या असतात, त्यांनी सांगितलं. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

परतीच्या गाडीतून कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, पोस्टर राहू दे, तुमच्या बांधावरचं वारूळ बघायला कोण येणार आहे? त्यांचा राग आला, कारण दिवसभर मीही मनाशी हेच म्हणत होते.

घरी पोचल्यावर आधी बांधावर गेले. मधल्या मापाचे डोंगळे होतेच, भरपूर. पप्पा मागे येऊन उभे राहिले.

"आता डेअरीवर काय सांगू?"

"एकाच घरातले निघाले म्हणा."

"मग तुझं बेंगळुरू?"

ते मलाही माहीत नाही. वाट बंद झाली की नुसती लांबली, याचा विचार अजून झोपू देत नाही. पोस्टर मागे घेत असल्याची मेल मात्र मिरज यायच्या आधीच पाठवली होती.