प्रेरणाचा दमा

विमलताईंना पाण्याची भीती वाटते, एवढं म्हणून भागणार नाही. त्यांना गाडीची भीती वाटते, विजेची वाटते, बोराच्या बीची वाटते, आणि पोरं दाराबाहेर गेली की ती परत येईपर्यंतच्या सगळ्या वेळाची वाटते. माहेर पांढरकवड्याचं, घर हायवेला लागून. रात्रंदिवस ट्रकांचे ब्रेक ऐकत त्या वाढल्या, तिथंच बहुधा ही सवय जडली. यवतमाळला कॉलेजात जाऊन इतिहासात बी.ए. केलं, मग बाभुळगावला सून म्हणून आल्या, आणि कापूस, तूर आणि दोन लेकरं यांच्यात वर्षं गेली. धाकटी जाऊ दिपाली म्हणायची, "ताई, तुम्ही तर देवापुढचा दिवाही विझवून झोपता." विमलताई हसत नसत. "पडदा पेटला म्हणजे?" असं विचारत.

अशा बाईची मुलगी नर्सिंग शिकून माल्टाला नोकरीला गेली. भूमध्य समुद्रातलं, इटलीच्या खालचं एवढंसं बेट. विमलताईंनी नकाशात शोधलं तर आधी जमीन सापडेचना, नुसतं निळंच निळं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर प्रेरणा म्हणाली, "आई, मी स्कूबा शिकून राह्यली."

"ते काय असते?"

"पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली जायचं. हॉस्पिटलातले आम्ही पाचसहा जण आहोत. पोहण्याच्या तलावातलं शिकणं झालं. आता रविवारी एका बुडालेल्या जहाजावर नेणार आहेत."

"कोण बुडालं त्यात?"

"कोणीच नाही. जहाज जुनं झालं, तर धुऊनपुसून मुद्दाम बुडवलं. लोकांले खाली जाऊन पाहता यावं म्हणून."

"आधी जहाज बुडवलं, अन् आता ते पाहायले पोरी बुडवून राह्यले."

प्रेरणा खळखळून हसली. "खोल नाही वं आई. पाणी इतकं साफ आहे की वरून बी दिसते. आपल्या विहिरीहून थोडंसं जास्त समज."

विहिरीचं नाव तिनं काढायला नको होतं. इकडे प्रेरणा बोलतच होती, टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, जोडीशिवाय कोणालाही खाली सोडत नाहीत. मग सहज म्हणाली, "अन् हो, शिकवणारे एक विचारतात. मले लहानपणी श्वासाचा काही आजार होता का? मी 'नाही' असंच सांगणार आहे, म्हटलं तुले विचारून घ्यावं."

"होता ना," विमलताई म्हणाल्या. "दमा."

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. दमा होता तो कपिलला, थोरल्याला. मृग लागला की हैदराबादेत दम्याच्या लोकांना औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात, तिकडे त्याला नेलं होतं. प्रेरणा तेव्हा चार वर्षांची. दादाला मासा दिला आणि मला नाही, म्हणून तिनं भर गर्दीत लोळण घेतली, आणि तिच्या वडिलांनी कटकट नको म्हणून तिच्याही तोंडात एक सोडायला लावला. पुढं कपिलचा दमा थांबला. त्याच्यासाठी मुली पाहायच्या तेव्हा या रोगाचं घरात नावही काढायचं नाही असं ठरलं, ते ठरलेलं तसंच राहिलं. प्रेरणाच्या आठवणीत उरला तो फक्त घशातून वळवळत उतरणारा मासा.

"म्हणून तो मासा?" ती म्हणाली. "मले तर वाटे, दादासाठी गेलतो."

"दोघांलेही होता," विमलताई म्हणाल्या. आता मागं फिरता येत नव्हतं.

रविवारी बाकीचे पाण्यात उतरले. दम्याचं ऐकल्यावर शिकवणाऱ्यानं प्रेरणाला, आधी तपासणी कर, असं सांगून काठावरच ठेवलं. ती खडकावर मैत्रिणींच्या चपला आणि टॉवेल सांभाळत बसली. तिनं तिथूनच फोन केला तेव्हा विमलताईंनी तोंडभर सहानुभूती दाखवली, आणि फोन ठेवल्यावर चहा करून प्यायल्या. तो चहा त्यांना गोड लागला. पुढं कितीतरी दिवस त्यांना हेच खुपत राहिलं, की चहा गोड लागला होता.

कारण प्रेरणा रागावली नाही. रागावली असती तर निभलं असतं. ती म्हणाली, "आई, माझ्या लग्नात आडवं येईल म्हणून लपवलं ना तू? समजू शकते मी. कितीक रात्री मले मांडीवर घेऊन बसली असशील." विमलताई त्या रात्री बसल्या होत्या, पण कपिलला घेऊन. प्रेरणा तेव्हा शेजारी गाढ झोपलेली असायची. न केलेल्या कष्टांबद्दल मुलगी पाया पडावी तशी बोलत होती, आणि आई "हं, हं" करत होती.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "तपासणी केली. फुंकायचं असते मशीनमध्ये. ठीक आली."

"मग झालं तर."

"नाही वं. लहानपणचा दमा मोठेपणी परत येऊ शकते. मी स्वतः पेशंटांले हेच सांगते. अन् खरं सांगू? वॉर्डाचा जिना चढताना आता धाप लागल्यासारखं वाटते. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं."

विमलताई स्क्रीनकडे पाहत राहिल्या. पोरगी बोलता बोलता मध्येच थांबून खोल श्वास घेत होती, जसा कपिल घ्यायचा. तो श्वास आपणच तिच्या छातीत घातला, हे त्यांना लखलखीत दिसलं.

"प्रेरू, तुले दमा नव्हता."

"काय?"

"कधीच नव्हता. कपिलले होता. तू रडली म्हणून तुलेही मासा दिला. तू पाण्यात जाऊ नये म्हणून मी खोटं बोलली."

मग प्रेरणानं विचारलं, "आता जे सांगून राह्यली, ते खरं हे मी कायवरून समजू?"

"कपिलले विचार," त्या म्हणाल्या.

"विचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन येत राहिले, पण जेवली का, ऊन आहे का, एवढेच. जहाजाचा विषय प्रेरणानं काढला नाही, विमलताईंना काढवला नाही. रविवार आला की त्या कापसाच्या गंजीपाशी उगाच काहीतरी आवरत बसायच्या. आज गेली असेल का, हे विचारायचा हक्क आपण गमावला, एवढं त्यांना कळत होतं.

दिवाळीनंतर एके दिवशी कपिल जेवता जेवता फोन पाहत हसला. "हे पाह्य आई, आपली जलपरी." स्क्रीनवरच्या फोटोत हिरवट-निळं पाणी होतं. गंजलेल्या, शेवाळलेल्या कठड्याला एका हातानं धरून तरंगणारी एक काळी आकृती. चष्म्यामागचे डोळे तेवढे ओळखू येत होते. तोंडातल्या नळीपासून वर बुडबुड्यांची रांग गेली होती.

विमलताईंनी फोन हातात घेतला. बुडबुडे पाहिले, परत पाहिले.

"तुले नाही पाठवला?" कपिलनं विचारलं.

"आला" असं म्हणायला तोंड उघडलंच होतं त्यांनी.

"नाही," त्या म्हणाल्या.

"थांब, मी टाकतो तुले."

"नको." त्यांनी फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "तिनं पाठवला तर पाहीन."